फाइल उघडली, पण पगार खरा आहे का?

फरक १८,५०० रुपयांचा होता आणि गंमत म्हणजे कुणाचीच तक्रार नव्हती. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एक छोटा कारखाना, १४३ कामगार, पगाराचं काम बघणारे अकाउंटंट काका आणि त्यांच्या टेबलावर वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर. जून संपता संपता काकांचा फोन आला. ‘भाऊ, सॉफ्टवेअर त बराबर चालून राहिलं. पन उचलीचं खातं काहून जुळून नाही राहिलं?’ कामगारांकडून येणं असलेली उचल कंपनीच्या खातेवहीत जेवढी दिसत होती, त्याहून पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये १८,५०० नी कमी होती. कामगार कशाला ओरडतील? त्यांची उचल लवकर फिटत होती.

पगाराची सॉफ्टवेअरं बसवणं, शिकवणं आणि बिघडली की सावरणं हे माझं काम. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर अशी फिरस्ती असते. ‘डेटा करप्ट झाला’ हे वाक्य दर महिन्याला दोनदा तरी कानावर येतं, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो. काकांच्या फरकाचं कोडं सुटलं, ते पुढे सांगतो. आधी करप्ट म्हणजे काय ते पाहू, कारण दुरुस्तीची अर्धी चूक तिथेच होते.

कीर्द, खतावणी आणि अनुक्रमणिका

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांवर मुनीमजी दोन वह्या ठेवायचे. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत, आणि त्यावरून खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर. खतावणीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असायची, कुणाचं खातं कोणत्या पानावर ते सांगणारी. डेटाबेस नावाचं प्रकरण याहून फार वेगळं नाही. कामगारांची माहिती, हजेरी, पगार, उचल ही खतावणीची पानं. चटकन शोधता यावं म्हणून केलेला इंडेक्स म्हणजे अनुक्रमणिका. आणि चांगल्या डेटाबेसमध्ये लॉग नावाची कीर्द असते. कोणताही बदल आधी कीर्दीत, मग खतावणीत. मध्येच लाइट गेली तर परत सुरू झाल्यावर डेटाबेस कीर्द वाचतो, जे पूर्ण झालं होतं ते खतावणीत उतरवतो आणि जे अर्धवट होतं ते पुसून टाकतो. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएलचं इनोडीबी, मोबाइलमध्येही असणारं एसक्यूलाइट, हे सगळे डेटाबेस थोड्याफार फरकाने याच पद्धतीने चालतात.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी कीर्द नसते. तिथे थेट खतावणीत लिहिलं जातं. लिहिता लिहिता दौत सांडली तर पान तिथेच अर्धं. विदर्भातल्या किती कारखान्यांत आजही अशी सॉफ्टवेअरं चालतात हे पाहिलं तर नवख्या माणसाला घाम फुटेल, पण ती चालतात आणि बहुतेक वेळा चोख चालतात.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. अनुक्रमणिका फाटली तर नाव शोधून सापडत नाही, पण पान शाबूत असतं. हा सगळ्यात स्वस्त आजार. इंडेक्स नव्याने बांधला की बरा. पान फाटलं तर त्यावरचा मजकूर जातो, तो दुसरीकडून आणावा लागतो. वहीच उघडेना तर आरडाओरडा होतो, फोन होतात, माणसं धावतात. चौथा प्रकार असा की वही छान उघडते, पानं जागच्या जागी आहेत, अनुक्रमणिका बरोबर आहे, आणि आकडा खोटा आहे. याला कुठलंही दुरुस्तीचं बटण नाही, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं. काकांकडे नेमकं हेच झालं होतं.

बिघडतं कशामुळे

पहिलं कारण लाइट. लाइट सगळीकडेच जाते, पण आपल्याकडे तिला उन्हाची जोड आहे. यूपीएसमधली शिशाची बॅटरी तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं आयुष्य गमावते. मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो, यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटून, खोलीतला कूलर साहेबाच्या दिशेला. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ येतं, लाइट जाते आणि पंधरा मिनिटं टिकायला हवी ती बॅटरी पंधरा सेकंदांत मान टाकते. पगाराचा काळही नेमका तोच, कारण मागच्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो.

दुसरं कारण आपणच. डेटाची फाइल एका कॉम्प्युटरवर, तिच्यावर तीन जण काम करतायत, त्यातला एक वायफायवर लॅपटॉप घेऊन कँटीनपर्यंत फिरतोय. सर्व्हर नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर नेटवर्कवरून थेट त्या फाइलमध्ये लिहीत असतो. वायफाय तुटलं की लिहिणं तुटलं. अशा सॉफ्टवेअरला तार लावा, एवढंच सांगेन.

बॅकअपनेही डेटा बिघडतो, हे ऐकून लोक चकित होतात. सॉफ्टवेअर चालू असताना फाइल पेनड्राइव्हवर ओढली तर सुरुवातीची पानं पाच वाजताची आणि शेवटची पाच वाजून दोन मिनिटांची, अशी कॉपी होऊ शकते. ती कॉपी दिसायला धडधाकट असते आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी उघडत नाही. चालू डेटाचं फोल्डर गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन सिंकमध्ये टाकणं हा त्याच जातीचा उद्योग.

आणखी एक बारीकसा चोर आहे. मदरबोर्डवर गोल बटणासारखा सेल असतो. तो संपला की कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. सॉफ्टवेअर बिचारं त्या तारखेवर विसंबून पगार करतं, आणि मग ‘या महिन्याचा पगार गायब झाला’ असा फोन येतो. पगार गायब नसतो, भलत्याच वर्षात जाऊन बसलेला असतो. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या तारखेबद्दल.

पहिला तास

बिघाड दिसला की सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायचं. मग अख्खं फोल्डर कॉपी करायचं, नुसती मुख्य फाइल नाही. शेजारी ज्या बारक्या फाइली पडलेल्या असतात त्यात कीर्द असू शकते. एसक्यूलाइटच्या मुख्य फाइलशेजारी ‘वॉल’ अशा शेपटीची फाइल दिसते. कचरा समजून ती उडवली तर अगदी ताज्या नोंदी तिच्याबरोबर जातात. एसक्यूएल सर्व्हर असेल तर आधी ती सेवा थांबवावी, मग दोन्ही फाइली, डेटाची आणि लॉगची, उचलाव्यात.

कॉपी दोन हव्यात. एक सीलबंद, तिला हात लावायचा नाही. दुसरीवर प्रयोग. मूळ फाइलवर दुरुस्ती करायची नाही, कितीही घाई असली तरी. आणि बिघडलेली फाइल लगेच डिलीट करू नका. ती काही मारबत नव्हे, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळली. त्या फाइलमध्येच पुरावा असतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा कॉपी एका जागी अडकून राहत असेल, तर थांबा. अशा डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवायचा मोह होतो, पण ते दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितं आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला पळवतं. आधी जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढायचं.

या तासात पगार मात्र थांबवू नये. सहा तारीख आली आणि डेटा सावरला नाही, तर मागच्या महिन्याच्या निव्वळ पगाराइतकी रक्कम उचल म्हणून द्या आणि नंतर हिशेब करा. हे मी मालकांना आधी सांगतो, कारण एकदा ती घाई डोक्यावरून उतरली की माणसं शांतपणे विचार करतात.

दुरुस्तीची बटणं

प्रत्येक डेटाबेसकडे स्वतःची तपासणी आणि दुरुस्ती असते, आणि तपासणी निरुपद्रवी पण दुरुस्ती उपद्रवी हा फरक लक्षात ठेवायचा. अ‍ॅक्सेसमध्ये ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ आहे, जे बऱ्याचदा काम करतं; पण फाइल २ जीबीच्या जवळ गेली असेल तर दुरुस्तीपेक्षा जुनी वर्षं वेगळी काढणं गरजेचं, कारण त्यापुढे अ‍ॅक्सेस वाढतच नाही. एसक्यूलाइटला ‘इंटिग्रिटी चेक’ विचारा. उत्तर ‘ओके’ आलं तर सांगाडा ठीक.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही आज्ञा प्रत्येक पान तपासून सांगते की कुठे काय मोडलं आहे. तिचा शेवटचा उपाय ‘रिपेअर अलाऊ डेटा लॉस’ असा आहे. नावातच लिहिलंय, डेटा गेला तरी चालेल. मोडलेलं पान तो सांधत नाही, काढून टाकतो, आणि मग डेटाबेस निरोगी असल्याचं जाहीर करतो. हाड मोडलं म्हणून पायच कापला आणि आता पायात दुखत नाही म्हटलं, तसं. त्या पानावर बारा कामगारांचा एप्रिलचा पगार होता, हे तुम्हाला वर्ष संपल्यावर टीडीएसचं विवरण करताना कळतं. चांगला बॅकअप असेल तर हे बटण दाबायचंच नाही. बॅकअप चढवायचा आणि मधल्या दिवसांचं काम पुन्हा करायचं.

मायएसक्यूएल सुरूच होत नसेल तर ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ नावाची १ ते ६ अशी पायरी असते. १ पासून सुरू करायचं, जिथे सुरू होईल तिथे थांबून सगळा डेटा बाहेर काढून घ्यायचा आणि नव्या जागी चढवायचा. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्या फाइलचं कायमचं नुकसान करू शकतात. लोक थेट ६ वर उडी मारतात, कारण इंटरनेटवर कुणीतरी ‘माझं ६ ने झालं’ असं लिहिलेलं असतं.

आता फॉक्सप्रो. इथे थोडं रमणार आहे, कारण काकांचे १८,५०० इथेच सापडले.

फॉक्सप्रो ज्या डीबीएफ फाइलमध्ये डेटा ठेवतं, तिची रचना इतकी साधी आहे की पाचवीच्या मुलाला समजेल. वर एक मथळा. त्यात शेवटची तारीख, एकूण नोंदी किती, मथळा किती बाइटचा आणि एक नोंद किती बाइटची हे लिहिलेलं. त्याखाली एकामागे एक सारख्या लांबीच्या नोंदी. प्रत्येक नोंदीचं पहिलं अक्षर कोरं असेल तर नोंद जिवंत, आणि तिथे तारा असेल तर डिलीट केलेली. म्हणजे डिलीट केलेला कामगार खरं तर गेलेला नसतो, त्याच्या कपाळावर तारा असतो एवढंच. ‘रिकॉल’ म्हटलं की तो उठून बसतो. ‘पॅक’ म्हटलं की मात्र कायमचा गेला. काही सॉफ्टवेअरांच्या दुरुस्तीच्या मेनूत रीइंडेक्स आणि पॅक एकाच बटणाला बांधलेले असतात. चुकून डिलीट झालेली माणसं शोधायची असताना ते बटण दाबणं म्हणजे हाताने पुरावा पुसणं.

काकांना मी विचारलं, मेचा पगार केला तेव्हा काही झालं होतं का? ‘नाही ना. लाइट गेली होती थोडा वेळ.’ चार जूनची संध्याकाळ, वादळ, पगाराची प्रोसेस चालू. लाइट आल्यावर काकांनी सॉफ्टवेअर उघडलं, त्याने सांगितलं की ८६ कामगारांचा पगार झालाय, पुढे चालू करू? काकांनी हो म्हटलं. उरलेले ५७ झाले, एकूण १४३, सगळ्यांच्या खात्यात पैसे गेले. कुठेही लाल अक्षर नाही. पण मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडल्यामुळे काकांनी लाइट आल्याबरोबर, सॉफ्टवेअर उघडण्याआधी, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. ते अजून होतं.

पेनड्राइव्हवरची मेच्या पगाराची फाइल २६,००९ बाइटची होती. मथळा ९९३ बाइटचा. वजा केले, उरले २५,०१६. एका कामगाराची नोंद २१२ बाइटची. भाग लावला: बरोबर ११८, बाकी शून्य. फाइलच्या शेवटी एक बाइटची समाप्तीची खूण असते तीही नव्हती, म्हणजे लिहिणं मध्येच तुटलं होतं. मथळ्यात मात्र ८६ लिहिलेले.

झालं होतं असं. विंडोज लिहायच्या गोष्टी थोडा वेळ मेमरीत धरून ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. ११८ नोंदी डिस्कवर उतरल्या होत्या, पण मथळ्यातला नवा आकडा उतरायचा राहिला. लाइट आल्यावर सॉफ्टवेअरने मथळ्यावर विश्वास ठेवला, ८७ पासून पुन्हा सुरुवात केली आणि ८७ ते ११८ या ३२ जणांच्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या. पगाराच्या फाइलला काही फरक पडला नाही, जुन्या पगारावर तोच पगार. पण पगार करताना सॉफ्टवेअर उचलीच्या वेगळ्या फाइलमधून हप्ताही वजा करतं. त्या ३२ जणांची उचल दोनदा वजा झाली. स्लिपवर एकच हप्ता, बाकी मात्र दोन हप्त्यांनी कमी. ३२ पैकी ११ जणांवर उचल होती: ७ जणांचा हप्ता १,५००, चौघांचा २,०००. १०,५०० आणि ८,०००.

१८,५००.

काका बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोललं?’ खोटं नाही बोललं, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं बोललं. कीर्द नसलेल्या मुनीमाला आपण कुठे थांबलो होतो हे कळणार कसं? कीर्दवाल्या डेटाबेसमध्ये नोंद आणि उचल ही दोन्ही कामं एकाच गाठीत बांधता येतात. झाली तर दोन्ही, नाही तर एकही नाही. प्रोग्रामरने ती गाठ मारलेली असेल तर, हेही म्हणायला हवं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे मारतातच असं नाही.

बेमालूम बिघाड

काकांसारखा प्रकार क्वचित घडतो. रोज होणारा बेमालूम बिघाड एक्सेलमधून येतो. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा क्रमांक, १२ आकडी असतो. एक्सेल साध्या रकान्यात १२ किंवा अधिक आकडे दिसले की त्यांना ‘१.०१ई+११’ असं रूप देतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की मूळ आकडा गेला. १४३ जणांचा यूएएन एकसारखा दिसायला लागला की समजा हेच झालंय. बँकेचा खाते क्रमांक १६ आकडी असेल तर आणखी वाईट, कारण एक्सेल १५ अंकच खरे ठेवतं. सोळावा शून्य होतो. आकडा पूर्ण दिसतो, पण माणूस दुसरा. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचा शून्य तर असा गळतो की कळतही नाही. उपाय एकच, आकडे भरण्याआधी रकाना टेक्स्ट करून ठेवणं.

तारखांचं असंच. ०५/०८ ला रुजू झालेला माणूस ऑगस्टचा की मेचा? कॉम्प्युटर महिना आधी वाचत असेल, तर दिवस १२ पर्यंत असला की तो महिना आणि दिवस निमूट अदलाबदल करतो, आणि १२ च्या पुढे असला की अडतो. त्यामुळे आयात केल्यावर काही तारखा कोऱ्या दिसल्या तर खूश व्हा, कारण त्या तुम्हाला सांगतायत की बाकीच्या उलट्या झाल्या आहेत.

मराठी नावांची गंमत वेगळी. नावांच्या जागी चित्रविचित्र परदेशी अक्षरं दिसली तर घाबरू नका, बहुधा डेटा आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर नाव गेलं. देवनागरी न झेपणाऱ्या रकान्यात लिहिताना कॉम्प्युटरने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि मूळ फेकून दिलं. तिथे आधार कार्ड बघून पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही.

काही आकडे स्वतःच चुगली करतात, त्यांचा उपयोग करावा. पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं. बँकेच्या शाखेचा आयएफएससी ११ अक्षरांचा, त्यातलं पाचवं शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झालेला मी असंख्य वेळा पाहिलाय. महाराष्ट्रात व्यवसाय कर १०,००० च्या वरच्या पगाराला महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. अचानक महिलांच्या स्लिपवर २०० कापलेले दिसले तर कराचा नियम शोधत बसू नका, लिंगाचा रकाना कोरा झालाय का ते बघा.

उलटंही असतं, सगळं विचित्र दिसणारं बिघडलेलं नसतं. २१,००० च्या वर पगार गेलेल्या माणसाचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापला जातोय म्हणून एका ताईंनी डेटा करप्ट असल्याचं ठरवलं होतं. पगार मध्येच वाढला तरी कापणी त्या सहामाहीच्या शेवटापर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत चालूच ठेवायची असते. सॉफ्टवेअर बरोबर होतं.

बाहेरचे साक्षीदार

पगाराच्या डेटाचं एक भाग्य आहे. दुकानाचा स्टॉक बिघडला तर त्याची प्रत दुसऱ्या कुणाकडे नसते. पगार मात्र दर महिन्याला चार घरी जाऊन येतो: पीएफकडे, ईएसआयसीकडे, बँकेकडे आणि कामगाराच्या मोबाइलवर. पान पूर्ण फाटलं तरी या चार साक्षीदारांकडून ते परत लिहिता येतं.

पीएफच्या पोर्टलवर दर महिन्याला चढवायची ईसीआर फाइल साधी टेक्स्ट फाइल असते, एका कामगाराची एक ओळ. एका कामगाराचं मेचं पान गेलं होतं असं धरू. ईसीआरमध्ये त्याचा एकूण पगार १७,४००, पीएफ कापला १,८००, बिनपगारी दिवस २. मेचे दिवस ३१, म्हणजे भरले २९. १७,४०० ला २९ ने भागा, दिवसाचे ६००. गुणिले ३१, म्हणजे त्याचा महिन्याचा दर १८,६००. हजेरी आणि दर दोन्ही मिळाले. आता कपाती. ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३०.५०, पुढच्या रुपयात नेऊन १३१. व्यवसाय कर २००. पीएफसह एकूण २,१३१, हातात यायला हवेत १५,२६९. बँकेच्या फाइलमध्ये त्याला गेले १३,७६९. फरक १,५००. हा उचलीचा हप्ता, आणि तो खातेवहीतल्या उचलीच्या नोंदीशी ताडून बघता येतो. एका माणसाला दहा मिनिटं. १४३ जण असतील तर दोन-तीन दिवसांचं काम, कंटाळवाणं पण होणारं.

ईएसआयच्या नुसत्या चलनावरून मात्र पगार मागे काढायला जाऊ नका. वर्गणी पुढच्या रुपयात नेलेली असल्यामुळे एका रुपयाच्या पोटात सुमारे १३३ रुपयांचा पगार लपतो. पोर्टलवर चढवलेली मूळ फाइल शोधा, तिच्यात दिवस आणि पगार दोन्ही असतात.

यावरून माझी एक सवय तयार झाली आहे. दुरुस्तीचं बटण हिरवी खूण दाखवतं तेव्हा मी काम झालं म्हणत नाही. ईसीआरची बेरीज, ईएसआयची बेरीज आणि बँकेतून गेलेली एकूण रक्कम हे तीन आकडे सॉफ्टवेअरच्या आकड्यांशी रुपयापर्यंत जुळले की मगच मी चहा घेतो. रुपयाचा फरक राहिला तरी शोधतो, कारण एक रुपया कधी कधी दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असते.

चूक सापडल्यावर

मागच्या महिन्याचा बंद झालेला पगार उघडून आकडा बदलायचा नाही. त्या आकड्यावर चलन भरलंय, स्लिप गेली आहे. तो बदलला की साक्षीदार खोटे पडतात आणि पुढच्या वेळी ताडायला काही उरत नाही. चालू महिन्यात, आजच्या तारखेने, कारण लिहून दुरुस्तीची नोंद करायची. काकांनी ११ जणांच्या उचलीत हप्ता परत मिळवला आणि शेऱ्यात ‘४ जून, लाइट जाऊन दोनदा वजा’ असं लिहिलं. त्या ११ जणांना आधी बोलावून दोन्ही कागद दाखवले. एकाने सांगून टाकलं, ‘मले समजलं होतं, पन म्हटलं सायबानं माफ केलं असन.’

बॅकअपबद्दल सगळे सांगतात, मी एकच गोष्ट सांगतो. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून त्यातून एका माणसाची स्लिप काढून बघा. निघाली तर तो बॅकअप, नाही तर नुसती फाइल. आणि पगार बंद केला की त्या दिवशीचं फोल्डर महिन्याचं नाव देऊन वेगळं ठेवा, पुढच्या महिन्याच्या बॅकअपने ते झाकलं जाता कामा नये.

काकांनी यूपीएसची बॅटरी बदलली आणि एक दोनशे पानी वही घातली. दर महिन्याला तीन आकडे हाताने लिहितात: कामगार किती, निव्वळ पगाराची बेरीज किती, आणि सगळ्यांच्या कामगार कोडची बेरीज किती. तिसरी बेरीज निरर्थक आहे, कोडची बेरीज करून कुणाला काय मिळणार? पण एखादी नोंद गळली, दुप्पट झाली किंवा एकाच्या जागी दुसरा आला तर ती बहुधा हलते, आणि तेवढंच तिच्याकडून हवं असतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. ‘भाऊ, कोडची बेरीज ३१७ नं वाढून राहिली.’

‘नवीन कुणी लागलं का?’

थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज. ‘हो ना बाप्पा. पॅकिंगमधी. सोमवारी लागला पोरगा. ३१७ नंबर.’